चटणीपेक्षा कुरिअर महाग होऊ नये म्हणून

सोलापुरातून शेंगा चटणी, कडक भाकरी आणि उन्हाळ्यात कुरडया मी घरूनच विकते. पहिल्या वर्षी ऑर्डरी चांगल्या आल्या. रात्री अकरापर्यंत घरातले सगळे टेप लावत बसायचो. मार्चअखेर वही जुळवायला घेतली तेव्हा कळलं, की दाणे कुटायला येणाऱ्या मावशींना वर्षभरात माझ्यापेक्षा जास्त सुटले होते. त्यांचं बरोबरच होतं, त्यांनी कष्ट केले होते. माझे पैसे कुरिअरच्या बिलात गेले होते, आणि ते दिसले नव्हते कारण एकगठ्ठा गेले नव्हते. इथे अर्ध्या किलोचा जादा स्लॅब, म्हणजे वजनाचा टप्पा, तिथे परत आलेलं एखादं पार्सल, असे थेंबाथेंबाने गळले होते.

त्यानंतर दर वाढतच गेलेत. मोठ्या कुरिअर कंपन्या बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला दरवाढ जाहीर करतात. ब्लू डार्टने १ जानेवारी २०२५ पासून सरासरी ९ ते १२ टक्के वाढ केली. टपाल खात्याने स्पीड पोस्टचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले, तेही ऑक्टोबर २०१२ नंतर पहिल्यांदाच. वर १८ टक्के जीएसटी आहेच.

दर आपल्या हातात नाही. पण तो किती किलोला लागतो, किती लांबला लागतो आणि एकाच पार्सलला किती वेळा लागतो, हे बरंचसं आपल्या ओट्यावर आणि पॅकिंगच्या टेबलावर ठरतं. म्हणून स्वस्त कुरिअर शोधण्याची पायरी मी मुद्दाम पाचव्या नंबरला ठेवली आहे. सगळे तिथूनच सुरुवात करतात. मीही केली होती.

१. आधी खरा खर्च काढा

गेल्या महिन्याची बिलं समोर घ्या आणि एका वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक पार्सलची एक ओळ लिहा. तारीख, पिनकोड, तुम्ही मोजलेलं वजन, बिलात लावलेलं वजन, जायचा खर्च, सीओडीचं (माल दारात देताना पैसे घेण्याचं) शुल्क, परत आलं असल्यास परतीचा खर्च, आणि खोकं-टेप-लेबलचा खर्च. शेवटचा रकाना लोक विसरतात. पुठ्ठ्याचं खोकं, आतलं भरण आणि टेप मिळून होणारा खर्च एका पार्सलला किरकोळ वाटतो, पण महिन्याला तो एका पोत्याच्या दाण्यांइतका होतो.

आता बेरजेला भागायचं. इथे पहिली चूक होते. पाठवलेल्या पार्सलांच्या संख्येने भागू नका, पैसे हातात आलेल्या पार्सलांच्या संख्येने भागा. परत आलेल्या पार्सलांचा भारही पोहोचलेल्यांनीच उचललेला असतो.

हा आकडा बघून मी पहिला निर्णय घेतला: एकच चटणीचं पाकीट आता एकटं पाठवत नाही. किमान ऑर्डर ठेवली. दोन-चार जणी रुसल्या, बाकीच्यांनी सोबत भाकरी मागवली.

२. सामान आणि कागदपत्रं

सामान फार लागत नाही:

- १० किलोपर्यंत मोजणारा, एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा. किराणा दुकानातला जुना काटा चालणार नाही.
- शिंप्याकडची टेप आणि एक सरळ पट्टी.
- खोक्यांचे दोन किंवा तीन ठरलेले आकार, आणि न फुटणाऱ्या मालासाठी कुरिअरच्या प्लास्टिक पिशव्या.
- साधा प्रिंटर. रोज दहाच्या वर पार्सलं गेली तरच थर्मल प्रिंटर घ्या.

कागदपत्रांत आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि पत्त्याचा पुरावा इतक्यावर बहुतेक ठिकाणी कुरिअरचं खातं उघडतं. जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवीच, ती कुरिअरवाल्याने मागितली नाही तरी.

जीएसटीबद्दल नवख्यांचा एक मोठा गैरसमज आहे. माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकत असाल तर खरं आहे. करपात्र माल हैदराबादला किंवा बेंगळुरूला पाठवायला लागलात, की ही मर्यादा कामाला येत नाही, नोंदणी करावी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सूट आहे. कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोय) असाल तर राज्याबाहेर विकताच येत नाही. मोठ्या मार्केटप्लेसवर विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून, राज्याच्या आतच विकायचं असेल तर, नोंदणीऐवजी नुसत्या एनरोलमेंट नंबरवर काम भागवता येतं. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या. त्यांची फी वसूल होते.

नोंदणी असेल तर कुरिअरच्या खात्यात तुमचा जीएसटी नंबर घालायला विसरू नका. नेहमीच्या नोंदणीत बिलावरच्या त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ते आपण भरायच्या करातून वजा होतात. मी पहिले काही महिने नंबरच घातला नव्हता.

३. वजनं दोन असतात

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. कुरिअरवाला काट्यावरचं वजन आणि आकाराचं वजन, अशी दोन्ही काढतो आणि त्यातल्या जास्तीचं बिल लावतो. गाडीत किलोइतकीच जागाही महाग असते, म्हणून.

आकाराचं वजन असं काढतात: लांबी × रुंदी × उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि येणाऱ्या आकड्याला ५००० ने भागायचं. उत्तर किलोमध्ये येतं.

माझी कडक भाकरी आधी ३० × ३० × २० च्या खोक्यात जायची, कारण ते खोकं बाजारात सहज मिळायचं. भाकरी मोठी, गोल, वरखाली वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. आता गणित बघा. १८,००० भागिले ५०००, म्हणजे ३.६ किलो. काट्यावर पार्सल दीड किलोच्या आत. मी दीड किलोचा दर धरून किंमत लावत होते आणि बिल चार किलोचं येत होतं. वर्षभर मी हवा पाठवली, तीही पैसे मोजून.

मग सासूबाईंना विचारलं, भाकरी थोडी लहान थापली तर? त्या आधी म्हणाल्या, "भाकरी ती भाकरी, तिला काय कुरिअरचं माप?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्टीलच्या डब्याचं झाकण तव्याशेजारी ठेवून त्या मापाने थापायला सुरुवात केली. आता भाकरी २२ सेंटिमीटरची आहे आणि खोकं २४ × २४ × १२ चं. ६९१२ भागिले ५०००, म्हणजे १.३८ किलो. काट्यावर सुमारे १.२ किलो. दोन्ही दीड किलोच्या स्लॅबमध्ये बसतात. शिवाय बोळे लागत नाहीत, आणि गच्च बसल्यामुळे भाकरी कमी मोडते, हे आधी ध्यानातच आलं नव्हतं.

सापळा एक: भाजक सगळीकडे ५००० नसतो. काही ठिकाणी तो ४५०० किंवा ४००० असतो आणि दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेला असतो. माझं हेच खोकं ४००० ने भागलं तर १.७३ किलो होतं, म्हणजे दोन किलोचा स्लॅब. ज्याचा किलोचा दर कमी तो स्वस्तच पडेल असं नाही. आधी भाजक विचारा, मग दर.

सापळा दोन: पिशवी फुगली की उंची वाढते. चिवडा, कुरडया, पापड यांच्या पाकिटात हवा भरलेली असेल तर ती हवाही मोजली जाते. कुरडयांची हवा काढली तर चुरा होतो, म्हणून त्या मी लहान चौकोनी खोक्यात उभ्या रचते. गोधड्या किंवा चादरी पाठवत असाल तर तुम्ही नशीबवान. हवा काढून दाबायच्या पिशव्या वापरा, उंची निम्म्यावर येते.

सापळा तीन: खोकं बाहेरून मोजायचं. विक्रेता सांगतो ते माप बऱ्याचदा आतलं असतं, आणि पाच पदरी पुठ्ठा प्रत्येक बाजूला जागा खातो.

४. माल स्लॅबमध्ये बसवा

बहुतेक कुरिअर अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे लावतात. ५०० ग्रॅमच्या वर १० ग्रॅम झालं तरी बिल एका किलोचं. आपण सगळे मात्र अर्धा किलो, एक किलो असाच माल भरतो, कारण वाण्याकडे तसाच मिळतो. अर्धा किलो चटणी अधिक पाकीट, पिशवी, लेबल मिळून ५४० ग्रॅम, म्हणजे एका किलोचं बिल. एक किलोची ऑर्डर १०८० ग्रॅम, म्हणजे दीड किलोचं. प्रत्येक वेळी आपण उंबऱ्यावर ठेचकाळतो.

मी दोन मापं केली: २०० ग्रॅम आणि ४५० ग्रॅम. २०० ची दोन पाकिटं पॅकिंगसह ४६० ग्रॅमच्या आसपास जातात आणि अर्ध्या किलोत बसतात. ४५० ची दोन ९८० च्या आसपास, एका किलोत. अगदी काठोकाठ भरू नका, वीसेक ग्रॅमची जागा सोडा. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि त्यांचा काटा तुमच्या काट्याशी जुळेलच असं नाही.

एक मात्र करा. ५०० चं ४५० केलंत तर किंमतही त्या हिशेबाने बदला आणि पाकिटावरचं निव्वळ वजन नवीन छापा. जुन्या किमतीत गुपचूप ५० ग्रॅम कमी देणारे असतात. गिऱ्हाईक घरी मोजतं. आपल्याकडे तर हमखास मोजतं.

काचेच्या बरण्या मी बंद केल्या. बरणीचं वजन, तिला जपायला बबल रॅप, त्यामुळे वाढलेलं खोकं, आणि तरी फुटली तर सगळ्या पार्सलात तेल. लोणच्यासारखा तेलाचा माल विमानाने पाठवताना अडवलाही जातो. जाड पाऊच, त्यावर दुसरी सीलबंद पिशवी, एवढं पुरतं.

५. कोणाकडून पाठवायचं

आता दर बघा. एकच उत्तर नाही. माझी पार्सलं आज चार वाटांनी जातात.

टपाल खातं. खेड्यापाड्यात पोहोचायचं असेल तर याला तोड नाही. खासगी कुरिअर "आमच्या डिलिव्हरी भागाबाहेर" म्हणून जादा आकार लावतात किंवा येऊन घेऊन जा म्हणतात, त्या पिनकोडला पोस्टमन जातो. पण तीन गोष्टी माहीत हव्यात. एक, २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये मिसळली आहे. "रजिस्टर करून टाकते" ही सवय सोडा. दोन, ५० ग्रॅमला स्थानिक १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये हे जे आकडे फिरतात ते कागदपत्रांचे आहेत. वस्तूंच्या पार्सलचा तक्ता वेगळा, तो काउंटरवर किंवा खात्याच्या वेबसाइटवर वजन टाकून बघा. तीन, दरमहा बऱ्यापैकी पार्सलं जात असतील तर मुख्य पोस्टात जाऊन करार करा. सवलत मिळते, पैसे नंतर भरायची सोय मिळते. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगत नाही, मार्केटिंगचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटा.

पुस्तकं विकणाऱ्यांसाठी जाता जाता: १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट नावाची सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. अभ्यासक्रमाची, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकं यात जातात, जाहिरातींचा किंवा निव्वळ व्यापारी मजकूर जात नाही. हळू जातं, पण ट्रॅक होतं.

अ‍ॅग्रिगेटर. शिपरॉकेट, निंबसपोस्ट, आयथिंक लॉजिस्टिक्स अशा कंपन्या एकाच खात्यातून अनेक कुरिअर दाखवतात. पिनकोड टाकला की दर समोर येतात. सुरुवातीला हेच बरं, कारण महिन्याला वीस पार्सलं असताना कुठलीही मोठी कंपनी आपल्याशी थेट दर ठरवत नाही. पण "अमुक रुपयांपासून" या जाहिरातीवर जाऊ नका. तो दर अर्ध्या किलोचा, शहरातल्या शहरातला, जीएसटीआधीचा आणि बऱ्याचदा महागड्या मासिक प्लॅनवरचा असतो. तुमचे नेहमीचे पाच पिनकोड आणि तुमचं नेहमीचं खोकं टाकून दर काढा. मी पुणे, मुंबई, हैदराबाद, नागपूर आणि मामेबहिणीचं एक गाव असे पाच ठेवले आहेत. यांच्या वॉलेटमध्ये आगाऊ पैसे ठेवावे लागतात, तेव्हा एकदम मोठी रक्कम भरू नका.

गावातला कुरिअरवाला. त्याच्या दुकानात जाऊन बसा. खरंच. रोजची पाच पार्सलं नक्की देते म्हटलं की वहीतला दर बदलतो. शिवाय पार्सल अडकलं तर कॉल सेंटर नव्हे, ओळखीचा माणूस उचलतो.

ट्रॅव्हल्स आणि एसटी. याबद्दल पुढच्या पायरीत.

कुठूनही पाठवा, घाई नसेल तर बुकिंग करताना जमिनीवरून जाणारी सेवा निवडा. कित्येक ठिकाणी आधीच हवाई सेवा निवडून ठेवलेली असते. चटणीला विमानाची घाई नाही.

६. पुण्याची मावशी

कुरिअरचे दर झोनवर असतात: शहरातल्या शहरात, राज्यात किंवा ठरावीक अंतरात, महानगर ते महानगर, उरलेला देश, आणि शेवटी ईशान्य भारत व जम्मू-काश्मीर. सोलापूर महानगरात मोडत नाही, त्यामुळे मुंबईहून दिल्लीला जे स्वस्तात जातं ते आमच्याकडून महाग पडतं. याला इलाज नाही. पण माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं पुण्यातच होती, त्याला इलाज होता.

दर गुरुवारी संध्याकाळी सगळ्या पुण्याच्या ऑर्डरी एका मोठ्या पोत्यात भरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवते. प्रत्येक पाकिटावर नाव-पत्त्याचं लेबल आधीच लावलेलं. सकाळी मावशीचा मुलगा स्वारगेटला उतरवून घेतो. तिथून जवळची पार्सलं दुचाकीवर, लांबची पोर्टरसारख्या शहरी सेवेने, आणि उरलेली स्थानिक कुरिअरने जातात. मुलाला पार्सलमागे ठरलेले पैसे देते. नात्यात फुकट काम करून घ्यायचं नाही, तिसऱ्या आठवड्यात फोन उचलणं बंद होतं.

पोत्यासोबत बिलांची प्रत ठेवा आणि गाडीवाल्याकडून पावती घ्या, गाडीचा नंबर आणि क्लीनरचा फोन लिहून घ्या. एकदा माझं पोतं मुंबईपर्यंत जाऊन परत आलं, आणि तेव्हा माझ्याकडे पावती नव्हती. मोडणारा माल पोत्यात नको. त्यावर कोणी तरी बसतंच.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे सोसायटीची एकत्र ऑर्डर. बाणेर, हिंजवडीकडच्या सोसायट्यांत एक ताई पुढाकार घेते, दहा घरांची ऑर्डर एका पत्त्यावर जाते, ताईला दोन पाकिटं वर. दहा अर्ध्या किलोंपेक्षा एक पाच किलो कितीतरी स्वस्त जातं.

७. परत येणारी पार्सलं

कुरिअरच्या भाषेत आरटीओ म्हणजे लायसन्सचं ऑफिस नव्हे, पाठवणाऱ्याकडे परत आलेलं पार्सल. सीओडीत हे फार होतं. माणूस ऑर्डर देतो, चार दिवसांनी विसरतो, दारात आलेल्याला "नको" म्हणतो. त्याचं काही जात नाही.

आपलं किती जातं ते बघा. समजा १०० सीओडी पार्सलं पाठवली. जायचा खर्च ७५ रुपये, सीओडीचं शुल्क ३५, परतीचा खर्च ६५. त्यातली २० परत आली. जायचे ७५००, पोहोचलेल्या ८० चं शुल्क २८००, परतीचे १३००. एकूण ११,६००. पोहोचली ८०. म्हणजे प्रत्येकी १४५ रुपये, जिथे आधी पैसे भरणाऱ्याला ७५ मध्ये काम झालं असतं. वर परत आलेली भाकरी विकता येत नाही ते वेगळंच.

माझे उपाय, जसे उपयोगी पडले त्या क्रमाने:

आधी पैसे भरणाऱ्याला ३० रुपये सूट. वरच्या गणितात ती देऊनही आपण फायद्यात राहतो. यूपीआयमुळे आता बहुतेकांना अडचण नसते.

सीओडीच हवं म्हणणाऱ्याकडून १०० रुपये आगाऊ, उरलेले दारात. १०० रुपये भरलेला माणूस पार्सल सहसा नाकारत नाही.

पाठवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता परत वाचून दाखवायचा. "मारुतीच्या देवळामागे" हा पत्ता महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला लागू पडतो. घर नंबर, खूण, दुसरा फोन नंबर घ्या. पिनकोड स्वतः तपासा, तो चुकला की पार्सल भलत्याच शहरात फिरून येतं.

"डिलिव्हरी झाली नाही" असा निरोप कुरिअरकडून आला की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन. साधारण तीन प्रयत्नांनंतर पार्सल परतीला लागतं, मग काही करता येत नाही. "ग्राहक उपलब्ध नव्हता" हे कारण दरवेळी खरं असतंच असं नाही. गिऱ्हाईक घरी होतं म्हणालं तर तसं लिहून पुन्हा प्रयत्न मागा.

सीओडीचे पैसेही लगेच हातात येत नाहीत, त्यांची ठरलेली तारीख असते. दिवाळीच्या तोंडावर दाणे रोखीने घ्यायचे आणि आपले पैसे त्यांच्याकडे, अशी गत होते. करारात ही मुदत वाचा. लवकर पैसे देण्याच्या योजनेला वेगळं शुल्क असतं.

८. वजनाचा वाद

बिलात अचानक जादा वजन लागतं. यंत्राने चुकीचं मोजलं असेल, खोकं फुगलं असेल, पुरावा नसेल तर आपणच खोटे ठरतो.

म्हणून प्रत्येक नव्या खोक्याचे चार फोटो काढून ठेवा: काट्यावर ठेवलेलं, आकडा आणि लेबल दोन्ही दिसेल असं, आणि लांबी, रुंदी, उंचीला टेप लावून एकेक. ठरलेले आकार वापरण्याचा इथे खरा फायदा, प्रत्येक पार्सलचे फोटो काढायला नकोत. काही अ‍ॅग्रिगेटरकडे मालाचं वजन आणि माप आधी मंजूर करून गोठवून ठेवायची सोय असते. ती पहिल्याच आठवड्यात वापरा.

हरकत घ्यायची मुदत थोड्या दिवसांची असते. मी दर सोमवारी चहा पिताना वेबसाइटवरचं वजनाच्या वादांचं पान उघडते. मुदत गेली की पैसे वॉलेटमधून आपोआप जातात. एका कुरिअरशी माझा महिनाभर वाद चालला, फोटो असूनही त्यांनी मान्य केलं नाही. मी पार्सलं दुसरीकडे वळवली.

९. गिऱ्हाइकाकडून किती घ्यायचं

"पोहोच मोफत" असं काही नसतं, कोणी तरी भरतं. तीन पद्धती आहेत. सगळा खर्च किमतीत धरणं, वेगळा आकारणं, किंवा ठरावीक रकमेपुढे मोफत. मी तिसरी वापरते, पण ती रक्कम दुसऱ्याचं बघून ठरवू नका. पहिल्या पायरीत काढलेला खर्च घ्या आणि तो वजा जाऊनही नफा उरतो ती ऑर्डरची रक्कम शोधा. माझी रक्कम दोन ४५० ची पाकिटं आणि एक भाकरीचं खोकं यांच्या बेरजेशी जुळते. म्हणजे गिऱ्हाईक जे एकत्र मागवतं ते एकाच पार्सलात बसतंही.

झोनप्रमाणे तीन दर ठेवा: महाराष्ट्र, बाकी देश, ईशान्य आणि जम्मू-काश्मीर. एकच सरासरी दर ठेवला तर पुण्याचं गिऱ्हाईक गुवाहाटीचं कुरिअर भरतं, आणि ते कंटाळून जातं.

१०. परदेशातला फराळ

थोडक्यात: नवख्या असाल तर पहिल्या वर्षी नको. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयातशुल्काची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. आपल्या टपाल खात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली, म्हणजे दिवाळी पाच-सहा दिवसांवर असताना. ज्यांनी आगाऊ पैसे घेतले होते त्यांचे काय हाल झाले असतील ते बघा. विक्रीच्या खाद्यपदार्थांची तिकडच्या एफडीएला (अन्न आणि औषध खात्याला) आगाऊ सूचनाही द्यावी लागते. पाठवायचंच असेल तर त्या दिवशीचा दर शुल्कासह लेखी घ्या, तोच गिऱ्हाइकाला सांगा, आणि शुल्क कोण भरणार हे ऑर्डरच्या आधी ठरवा.

११. दरवाढ सांगताना

कधी तरी हे करावंच लागतं. दोन वर्षं भीतीने न वाढवता एकदम वाढवलं तर जास्त टोचतं. मी जानेवारीत आणि दिवाळीच्या दोन महिने आधी, असे वर्षातून दोनदा पाच पिनकोडांचे दर पुन्हा काढते, गरज असेल तरच बदलते. कुरिअरवाल्याला दोष देत बसू नका आणि माफीही मागू नका. मी पाठवते तो मेसेज, हवा तर तसाच घ्या:

"नमस्कार ताई, येत्या १ तारखेपासून महाराष्ट्रात पोहोच ६० ऐवजी ७० रुपये होईल. चटणीचा आणि भाकरीचा भाव तोच आहे. ३१ तारखेपर्यंत पैसे भरलेल्या ऑर्डरी जुन्याच दराने जातील. शेजारच्यांसोबत एकत्र मागवलंत तर पोहोच एकदाच लागेल."

मेसेज आठवडाभर आधी जाऊ द्या, आणि सकाळी. मी एकदा ३० तारखेला रात्री टाकला होता. दुसऱ्या दिवशी एका दिवसात आठवड्याच्या ऑर्डरी आल्या, त्याही जुन्या दराने, आणि दाणे संपले होते.